गमरे सुभेदारांचं उट्टं

माणसानं माफ करायला शिकावं, असं सगळेच सांगतात. सांगणाऱ्याचं काय जातं? नेरूळला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सव्वीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी टाईप करतेय आणि माझा अनुभव असा, की माफ करणारा माणूस अर्ज अर्धवट सोडून घरी जातो आणि समोरचा मजेत राहतो. अर्ज तडीला नेतो तो खुन्नस धरणाराच. त्या जमातीतला एक नंबरचा माणूस म्हणजे सुभेदार अर्जुन गमरे. गेल्या वर्षी ते गेले. सुलोचनावहिनींचा फोन आला तेव्हा मी कुणाचा तरी भाडेकरार टाईप करत होते. तो तसाच टाकला, शटर ओढलं आणि उलव्याला गेले.

सुभेदार पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला वाटलं, शेजारच्या सोसायटीचा नवा वॉचमन. उंची बेताची, अंग भरलेलं, मान इतकी जाड की शर्टाचं वरचं बटण कधी लागायचं नाही. मिशा मात्र दोन्ही बाजूंनी पीळ दिलेल्या. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "नको ताई, स्टूल द्या. पाठीला टेकू मिळाला की मी गेलो." कुठे जातात ते मला पाचच मिनिटांत कळलं. स्टुलावर बसून हातातला कागद वाचून दाखवत होते, "मी, सुभेदार अर्जुन गमरे, निवृत्त, आपणांस विनंती करतो की..." आणि मान छातीवर. घोरणं असं सुरू झालं की बाहेर झेरॉक्ससाठी उभी असलेली कॉलेजची पोरं आत डोकावली. मग एकदम सगळं बंद. श्वासच नाही. मी पाणी आणायला उठले, तेवढ्यात घशातून खरखरीत आवाज आला, डोळे उघडले आणि म्हणाले, "...की माझ्या अर्जाचा फेरविचार व्हावा. लिवलं?"

वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे. पुढच्या सहा वर्षांत हे मी कितीदा तरी पाहिलं. मुद्दा हरवलाय असं एकदाही झालं नाही.

आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत श्वास बंद पडतो, माणूस गुदमरतो, अर्धवट जागा होतो, परत झोपतो, परत गुदमरतो. रात्रभर हेच. त्याला स्वतःला पत्ता नसतो. मग दिवसा बसेल तिथे डुलकी. लष्करातून निवृत्त होताना डॉक्टरांचं एक बोर्ड बसतं आणि सैनिकाला काही आजार असेल, तर तो नोकरीमुळे झाला किंवा वाढला का, ते ठरवतं. वाढला म्हटलं तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. सुभेदारांच्या बोर्डात एक कर्नल डॉक्टर होता. त्यानं त्यांच्या कागदावर लिहिलं, "आजार लठ्ठपणामुळे. लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही." वर तोंडी म्हणाला, "सुभेदार साब, कम खाओ, कम सोओ." आणि हसला. तो हसला म्हणून बाकीचे दोघेही हसले.

"साधी पेन्शन मला हाय," सुभेदार मला म्हणाले. "घर चालतंय. मला ती ओळ खोडून पायजे. अठ्ठावीस वर्सं मी जागलो, आणि हा म्हणतो कमी झोप."

कर्नलचं नाव मी इथे लिहीत नाही. सुभेदारही घेत नसत. 'तो' म्हणत. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायच्या आधी म्हणायचे, "तो अजून हाय." वहिनी सांगायच्या, की लग्नाच्या बायकोचं नाव माणसानं कधी सकाळी घेतलं नाही, पण त्या मेल्याची आठवण रोज. मी एकदा म्हटलं, सुभेदार, एवढा राग बरा नाही, बीपी वाढेल. तर म्हणाले, "रायफल आणि राग, रोज तेल द्यायचं. एक दिवस चुकला की गंज."

आणि राग एकट्या कर्नलवर होता असं नाही. उलव्याच्या त्यांच्या सोसायटीत बाजूच्या फ्लॅटवाल्यानं तक्रार केली, की भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येतो, आमची झोपमोड होते. सेक्रेटरीनं जाऊन तोंडी सांगितलं. सुभेदार शांतपणे म्हणाले, "लेखी द्या." त्या येड्यानं लेटरहेडवर दिलं. दुसऱ्या दिवशी सुभेदार ते घेऊन माझ्याकडे. "तीन कॉप्या काढा. फुकटचा साक्षीदार मिळाला." नोटीस फाईलला लागली. पण म्हणून सेक्रेटरीला माफी मिळाली असेल तर शपथ. पुढच्या पंधरा ऑगस्टला सोसायटीनं झेंडावंदनाला बोलावलं, तुम्ही फौजी, तुमच्याच हस्ते करू. हे म्हणाले, आधी नोटीस मागे घेतल्याचं लेखी द्या. सेक्रेटरी अडून बसला. सुभेदारांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, छातीवर पदकं लावली, गेटबाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि तिथून सॅल्यूट ठोकला. सगळी सोसायटी झेंडा सोडून त्यांच्याकडे बघत होती.

आता कुणी विचारेल, अठ्ठावीस वर्षांत आजाराची एक नोंद कशी नाही? मुकादम वकीलबाईंनीही हेच विचारलं होतं. फरीदा मुकादम, मूळच्या उरणकडच्या, वयानं लहान पण डोकं तेज. त्या दिवशी तिघं माझ्या दुकानातच बसलो होतो.

"सुभेदार, एकदा तरी सिक रिपोर्ट केला असता, आजारी म्हणून नोंद करवली असती. एक कागद असता तर केस सहा महिन्यांत संपली असती."

सुभेदार लवंग चघळत बसले. झोप येऊ नये म्हणून दिवसभर लवंगा असायच्या तोंडात, जीभ पार बधिर झालेली. मग म्हणाले, "आमच्यात कुणी करत नाय, मॅडम. सिक रिपोर्ट केला की तब्येतीची कॅटेगरी उतरते. कॅटेगरी उतरली की प्रमोशन बंद. पोरं एकमेकांचं झाकून नेतात."

झाकून कसं नेलं, तेही सांगितलं. वर डोंगरावर एका बंकरमध्ये दहा माणसं. गमरे झोपले की बाकी नऊ जागे. कुणी बूट फेकून मारायचा, कुणी पाणी ओतायचं. शेवटी त्यांच्या नाईकानं तोडगा काढला. रात्रीचा मधला पहारा, जो कुणालाच नको असतो, तो कायमचा गमऱ्यांना. 'गमरे, तू जाग, आम्ही झोपतो.' त्याबदल्यात पोरं त्यांच्या वाटची लाकडं फोडायची, भांडी घासायची. पलटणीत हा रिवाजच पडला. बदल्या झाल्या, माणसं बदलली, पण गमरे आले की मधला पहारा त्यांचा, हे आधीच पोचलेलं असायचं. रजिस्टरात ड्यूटी मात्र पाळीपाळीनं सगळ्यांच्या नावावर.

"मला तर मान वाटायचा त्यात," सुभेदार म्हणाले. "अख्खी कंपनी माझ्या भरवशावर झोपते."

मुकादमबाईंनी पेन खाली ठेवलं. मला तर रडावं की चिडावं कळेना. यारीदोस्तीत या माणसानं आपली झोप देऊन टाकली आणि पुरावाही देऊन टाकला. बरं, त्या पोरांना तरी काय बोलणार, ती बिचारी त्याची नोकरी वाचवत होती.

पहिलं अपील फेटाळलं, दुसरं फेटाळलं. दोन्ही वेळा कारण म्हणून तीच कर्नलची ओळ जशीच्या तशी छापून आली. मग लष्कराच्या खटल्यांच्या ट्रिब्युनलमध्ये केस टाकली. तिथे तारखा पडत राहिल्या.

मधल्या काळात सुभेदारांच्या घरी वेगळंच महाभारत चाललं होतं. मुलीनं हौसेनं श्वासाचं मशीन घेऊन दिलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा येते, श्वास बंद पडत नाही. डॉक्टर म्हणाला, लावा, आठ दिवसांत माणसात याल. सुभेदारांनी ते खोक्यासकट कपाटावर ठेवलं. वहिनी माझ्याकडे आल्या, डोळ्यांत पाणी. "ताई, तुमचं ऐकतील. तुमी सांगा. मी रात्रभर त्यांच्या छातीवर हात ठेवून पडत्ये. थांबली छाती की ढोसते. अवो, मला तरी किती जमनार?"

मी सुभेदारांना धारेवर धरलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, केस जिंकलो की नवं बोर्ड बसणार. मशीन लावून मी ठणठणीत झालो तर ते काय म्हणतील? बघा, काही झालेलंच नाही. म्हणजे तो खरा ठरला. बोर्ड होऊ दे. मग लावतो."

"आणि तोवर काही झालं तर?"

"मग तर पुरावाच झाला."

या बोलण्यावर मी त्यांना चहा दिला नाही त्या दिवशी. हट्टीपणाला पण काही सीमा असते की नाही? पण खरं सांगायचं तर मनातून मला त्यांचं पटतही होतं, याचाच मला जास्त राग आला. कागदाच्या दुनियेत मी इतकी वर्षं काढली आहेत. बरा झालेल्या माणसाच्या दुखण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे.

मग एक दिवस सुभेदार माझ्या दुकानातून बाहेर पडले आणि दोन मिनिटांत परत आले. चेहरा लालभडक. "ताई, जरा बाहेर या."

पलीकडच्या बिल्डिंगीत नवा दवाखाना उघडला होता. भला मोठा बोर्ड. 'घोरणं हसण्यावारी नेऊ नका. वेळीच तपासा.' खाली डॉक्टरचं नाव आणि नावापुढे कर्नल, निवृत्त. तोच. लष्करातून निवृत्त होऊन त्यानं घोरण्याचाच धंदा उघडला होता, आणि तोही नेरूळला, माझ्या नाकासमोर. मला वाटलं सुभेदार आता दगड उचलतात. त्यांनी खिशातून लवंग काढली, तोंडात टाकली आणि बोर्डावरची वेळ लिहून घेतली.

चार दिवसांनी आले तेव्हा मी ओळखलंच नाही. मिशा नव्हत्या. ओठ उघडाबोडका. पस्तीस वर्षं जपलेल्या मिशा त्यांनी न्हाव्याकडे जाऊन उतरवल्या होत्या. वहिनी मागे उभ्या, तोंड सुतकी.

"त्याच्याकडंच पेशंट म्हणून जायचं, त्यानं ओळखू नये म्हणून," सुभेदार म्हणाले.

मुकादमबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "जा, पण एक शब्द खोटं बोलायचं नाही. नाव खरं, वय खरं, सगळं खरं." सुभेदारांनी मान डोलावली. मिशांचं खोटं सोडलं तर त्यांनी तो हुकूम पाळला.

आत काय झालं ते वहिनींनी नंतर सांगितलं. कर्नलनं फी घेतली, मान वर न करता विचारलं, काम काय करता? सुभेदार म्हणाले, पहारा. रात्रीचा? रात्रीचा. किती वर्षं? अठ्ठावीस. कुठे, हे त्यानं विचारलंच नाही. विचारलं असतं तर सुभेदार सांगणार होते, तसं ठरवूनच गेले होते. त्यानं तपासलं, आपल्या छापील कागदावर झरझर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. अठ्ठावीस वर्षांच्या रात्रीच्या पहाऱ्यामुळे आणि अनियमित झोपेमुळे आजार बळावलेला आहे. वर म्हणाला, "काका, हे फार आधी दाखवायला हवं होतं."

कागद घेऊन सुभेदार माझ्याकडे आले. मी उड्या मारायचीच बाकी होते. त्याच माणसाचा हात, तीच सही, आणि दोन उलटी मतं. एक वर्दीत फुकट दिलेलं, एक फी घेऊन दिलेलं. पण सुभेदारांचा चेहरा पडलेला.

"काय झालं? काम तर फत्ते झालं."

"ओळखलंच नाही ताई त्यानं."

"मग त्यासाठीच तर मिशा काढल्या ना?"

"मिशा असत्या तरी ओळखलं नसतं. मला कळलं ते. सहा वर्सं मी रोज सकाळी त्याची आठवण काढून उठतो, आणि त्याला माझं तोंड पण माहीत नाय. नाव लिवलं त्यानं माझं. गमरे. तरी काय नाय."

नंतर त्यांनी मिशा परत वाढवल्या, पण पहिल्यासारखा पीळ बसला नाही.

सुनावणीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेले. सहा वर्षं टाईप केलेलं कुणीतरी मोठ्यानं वाचणार होतं, मला ऐकायचं होतं. सुभेदारांनी जय्यत तयारी केली होती. लवंगा, मुद्दाम एक नंबर लहान घेतलेले बूट, खिशात टोकदार किल्ली, डुलकी आली की मांडीत टोचायला. मला म्हणाले, "आज त्याचे दोन कागद समोरासमोर ठेवतील तेव्हा मला बघायचंय. बाकी काय नको."

सकाळी नंबर लागला असता तर निभावलं असतं. लागला जेवणानंतर. समोर दोघं बसलेले, एक निवृत्त न्यायाधीश, एक निवृत्त लष्करी अधिकारी. मुकादमबाईंनी सुरुवात केली. पहिला कागद वाचला, बोर्डाचा. सुभेदार ताठ बसले होते. मग त्या म्हणाल्या, आता दुसरा कागद पाहावा. आणि मी बाजूला बघते तर मान छातीवर. किल्ली हातातून घसरून बाकाखाली पडलेली.

घोरणं सुरू झालं. शिपाई उठवायला आला. वहिनींचा हात सवयीनं त्यांच्या छातीकडे गेला आणि मधेच थांबला. लष्करी अधिकारी शिपायाला म्हणाले, "राहू दे. हेच अर्जदार ना? ऐकू दे आम्हाला."

अख्खी खोली ऐकत होती. मग श्वास थांबला. सरकारी वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. किती वेळ गेला देव जाणे, वहिनी ओठ चावत बसल्या होत्या, आणि मग तो घशातला खरखराट आला आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद हातांत घेतले, एकदा हा, एकदा तो, आणि विचारलं, "सरकारी वकील, हे दोन्ही डॉक्टर एकच आहेत का?"

सरकारी वकील म्हणाले, "होय, सर."

"मग आम्ही यातलं कुठलं मत खरं धरायचं?"

सुभेदार घोरत होते.

बाहेर आल्यावर ते वहिनींवर असे भडकले की काय सांगू. "उठवलं का नाय? सहा वर्सं थांबलो होतो मी."

वहिनी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलल्या. "तीस वर्सं उठवत्ये. आज तुमच्या झोपेनं तुमचं काम केलंन. म्हनून नाही उठवलं." सुभेदार दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यांच्याकडे बायकोलाही सूट नव्हती.

निकाल लागला. आजार सेवेमुळे वाढला असं मानण्यात येत आहे, बोर्डाचं मत रद्द करण्यात येत आहे, टक्केवारी ठरवायला नवीन बोर्ड बसवावं. ती ओळ खोडली गेली. सुभेदारांनी निकालाच्या दोनशे प्रती काढायला लावल्या. मी काढल्या. त्यातली पहिली त्यांनी रजिस्टरनं कर्नलच्या दवाखान्यात पाठवली. पोचपावती सहीसकट परत आली, पण उत्तर आलं नाही. उरलेल्या प्रती माझ्याकडे आहेत. दवाखान्याची पाटी अजून तिथेच आहे आणि कर्नलचे पेशंट रिपोर्टांच्या झेरॉक्सला माझ्याकडेच येतात. प्रत्येकाच्या कागदांत मी निकालाची एक प्रत घालते, पैसे घेत नाही. सुभेदार असते तर खूश झाले असते.

नव्या बोर्डाची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, आणि मशीन अर्थातच कपाटावर. मी भांडले, वहिनी भांडल्या, मुकादमबाई भांडल्या. "आता एवढ्याशासाठी हातचं घालवू?" हे एकच. त्या तारखेला अकरा दिवस उरले असताना, दुपारचं जेवून बसल्या जागी ते गेले. वहिनी दळण आणायला खाली गेल्या होत्या. या गोष्टीसाठी मी कुणाला माफ करायचं, ते मला सांगा. कर्नलला? तो तर अजून फी घेतोय. सुभेदारांना? त्यांनाही मी केलेलं नाही.

मी त्यांना शेवटचं भेटले ते त्यांच्या जाण्याच्या आठवडाभर आधी. बोर्डाला न्यायचे कागद झेरॉक्स करायला आले होते. काम झालं तरी उठेनात. मला माहीत होतं कशासाठी थांबलेत. निकाल लागल्यापासून दर खेपेला हेच. "ताई, कोर्टात काय झालं ते सांगा परत एकदा." आणि मी सांगायला लागले की दरवेळी ऐन मोक्याला त्यांना झोप लागायची. जागे झाल्यावर विचारायचे, मग? मी म्हणायचे, मग काय, जिंकलात. राहिलेलं पुढच्या वेळी.

त्या दिवशीही मी सुरुवात केली. मुकादमबाई उभ्या राहिल्या, पहिला कागद वाचला, मग म्हणाल्या, आता दुसरा कागद पाहावा. सुभेदारांचे डोळे मिटले. एरवी मी तिथे थांबून कामाला लागायचे. पण त्यांचं तोंड निळसर दिसत होतं, आणि गिऱ्हाईकही कुणी नव्हतं. मी काउंटरच्या बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि पुढचं सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी दोन कागद कसे धरले, काय विचारलं, सरकारी वकिलांचं तोंड कसं उतरलं, ते 'होय, सर' कसं म्हणाले.

"सुभेदार, तो हरला," मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं. ते घोरत होते.